पबमधील कार्यक्रमासाठी लहान गिटार अॅम्प कितपत पुरतो?

रीडिंगकर

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये रीडिंगला राहतो आणि नोकरी सांभाळून एका चौघांच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. ड्रम, बास, कीबोर्ड आणि मी; गाणे मी आणि कीबोर्डवाली वाटून घेतो. महिन्यातून दोनदा आसपासच्या पबमध्ये आमचा कार्यक्रम असतो. जुने ब्ल्यूज आणि साठ-सत्तरच्या दशकांतले रॉक हा आमचा मुख्य साठा. समोर साठ-सत्तर माणसे असतात, छत बुटके असते, आणि मंच म्हणजे खिडकीजवळची दोन टेबले हटवून मोकळी केलेली जागा.

माझ्याकडे व्हॉक्स एसी-३० हा ३० वॅटचा, बारा इंची दोन स्पीकर असलेला अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र आहे. त्याचे वजन तीस किलोंच्या वर आहे. गेल्या हिवाळ्यात तो गाडीतून उतरवताना पाठीत अशी उसण भरली की पुढचे दोन आठवडे गिटारचा पट्टासुद्धा खांद्यावर घेता आला नाही. शिवाय त्याच्या आवाजाचे बटण मी कधी तीनच्या पुढे नेऊ शकलेलो नाही. तीनवर तो अॅम्प खुलतच नाही, आणि चारवर नेला की बारमागचा मालक हाताने ‘खाली, खाली’ अशी खूण करतो. एका पबमध्ये तर भिंतीवर दिव्यांचे यंत्रच बसवले आहे. आवाज मर्यादेबाहेर गेला की तांबडा दिवा लागतो, आणि तो काही सेकंद तसाच राहिला की मंचाच्या सॉकेटमधली वीज जाते. गाण्याच्या ऐन मध्यावर आम्ही दोनदा मुके झालो आहोत.

आता दोन पर्याय समोर आहेत. घरी सरावासाठी घेतलेला ५ वॅटचा, आठ इंची स्पीकरचा व्हॉल्व्ह अॅम्प, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, आहे; आणि एक मित्र त्याचा फेंडर ब्ल्यूज ज्युनियर, म्हणजे १५ वॅट आणि बारा इंची एक स्पीकर, काही दिवस वापरायला देतो आहे. आमचा मिक्सर आठ चॅनेलचा आहे, पण आजवर त्यात फक्त गायनाचे माईक आणि कीबोर्ड जातात. गिटारचा आवाज थेट अॅम्पमधूनच लोकांपर्यंत पोचतो. एवढ्या लहान अॅम्पवर कार्यक्रम निभेल का, हे ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिले आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे.

डेसिबल

आधी हिशेब मांडतो, कारण वॅटचा आकडा पाहून बहुतेकांची फसगत होते. अॅम्पची ताकद निम्मी केली की आवाज ३ डेसिबलने उतरतो, आणि ३ डेसिबलचा फरक कानाला जाणवतो खरा, पण तो फार मोठा नसतो. आवाज ‘निम्मा झाला’ असे सर्वसाधारण श्रोत्याला वाटण्यासाठी तो सुमारे १० डेसिबलने उतरावा लागतो, म्हणजे ताकद एक दशांश व्हावी लागते. त्यामुळे ३० वरून १५ वॅटवर येताना तुम्ही फक्त ३ डेसिबल गमावता. ३० वरून ५ वर आलात तरी तूट ८ डेसिबलच्या किंचित आतच राहते, म्हणजे कानाला तो आवाज मूळच्या निम्म्याहून थोडा अधिकच वाटेल. एक षष्ठांश मुळीच नाही.

खरी गोम स्पीकरमध्ये आहे. प्रत्येक स्पीकरची संवेदनशीलता ठरलेली असते. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर तो किती डेसिबल देतो, असे ते माप. सेलेस्टियन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचा ग्रीनबॅक ९८ देतो, तर त्यांचाच अल्निको ब्लू किंवा व्हिंटेज ३० हा १०० देतो. म्हणजे नुसता स्पीकर बदलून तुम्ही जवळजवळ दीडपट ताकदीचा अॅम्प घेतल्यासारखे होते, आणि तेही पाठीवर भार न वाढवता. याउलट सरावाच्या लहान अॅम्पमधले आठ इंची स्पीकर पुष्कळदा या आकड्यांच्या बरेच खाली असतात, आणि त्यांची पेटी इतकी लहान असते की खालचे सूर तिच्यात भरतच नाहीत. तेव्हा तुमचा ५ वॅटचा अॅम्प मागे पडलाच, तर तो वॅटमुळे कमी आणि पेटीमुळे अधिक पडेल. त्याला बाहेरचा स्पीकर जोडण्याची सोय असेल, तर दोन्हींवर लिहिलेला ओहमचा (विद्युत रोधाचा) आकडा जुळवून बारा इंची स्पीकरच्या पेटीवर एकदा वाजवून पाहा. तोच अॅम्प आहे यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

मंडईची_तार

वरचा हिशेब बिनचूक आहे, परंतु त्यात एक माणूस राहून गेला. तुमचा ड्रमर कसा वाजवतो, हे तुम्ही लिहिलेलेच नाही.

मी पुण्यात आठ-नऊ वर्षे पबमध्ये वाजवते आहे. अॅम्प किती मोठा हवा हे जागेच्या आकारावरून ठरते, असे मीही आधी धरून चालले होते. प्रत्यक्षात ते ड्रमरच्या मनगटावरून ठरते. स्नेअरवर, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातल्या कडक आवाजाच्या ड्रमवर, काठीचा जोरकस फटका बसला की जवळच्या माणसाच्या कानाशी शंभर डेसिबलच्या वर आवाज जातो, आणि त्या फटक्याला आवाज कमी करण्याचे बटण नसते. ड्रमर ब्रशने किंवा काड्यांच्या जुडीने वाजवणारा असेल तर ५ वॅट पुरतात. तो काठ्यांनी पण तोलून वाजवत असेल तर १५ पुरतात. झांजा फोडायला निघालेला असेल, तर तुमचा एसी-३० सुद्धा अपुरा पडेल आणि मालकाचा हात खाली येणारच नाही.

रीडिंगकर

@मंडईची_तार, काठ्याच आहेत, आणि त्याही जाड. हा गृहस्थ तरुणपणी हेवी मेटल वाजवत असे. स्वभावाने तो अतिशय सौम्य आहे, पण तो सौम्यपणा स्टुलावर बसेपर्यंतच टिकतो.

@डेसिबल, बाहेरच्या स्पीकरची सोय आहे. परंतु वेगळी पेटी न्यायची असेल तर वजन वाचवण्याचा हेतूच बाजूला पडतो.

मांडवीकाठ

मी पणजीचा. हंगामात किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये आणि पावसाळ्यात आतल्या पबमध्ये वाजवतो. माझा मुद्दा एवढाच आहे की तुम्ही प्रश्न एका पायरीवर अलीकडे थांबवला आहे. अॅम्पने लोकांना ऐकवायचे आहे की तुम्हाला ऐकवायचे आहे, हे एकदा ठरवा; मग आकार आपोआप ठरतो.

आमच्याकडे शॅकवर मंच म्हणजे वाळूवर टाकलेल्या फळ्या. भिंती नाहीत, छत झावळ्यांचे, आणि मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने पडतो. तिथे शंभर वॅटचा अॅम्प आणला तरी पहिल्या टेबलावरची माणसे कान झाकतात आणि शेवटच्या टेबलावर समुद्रच ऐकू येतो. म्हणून आम्ही फार पूर्वीच अॅम्पने जागा भरण्याचा नाद सोडला. १० ते १५ वॅटचा अॅम्प, त्यासमोर माईक, माईक मिक्सरमध्ये; लोकांपर्यंत पोचवण्याचे काम मोठे स्पीकर करतात. अॅम्प फक्त मला आणि बासवाल्याला ऐकू आला की त्याचे काम झाले. तुमच्या मिक्सरवर चॅनेल मोकळे आहेत, मग गिटार त्यात का घालत नाही?

माईक लावण्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण बरेच जण इथेच घोळ घालतात. शुअरचा एसएम-५७ पुरतो. १९६५ पासून तो बाजारात आहे आणि पडला-झडला तरी चालत राहतो. तो जाळीच्या कापडापासून बोटभर अंतरावर ठेवावा. स्पीकरच्या मधोमध जी गोल टोपी असते तिच्या नेमके समोर माईक धरला तर आवाज टोचरा येतो, शंकूच्या कडेला नेला तर घोगरा होतो. टोपी जिथे संपते आणि शंकू सुरू होतो त्या रेषेवर धरून वाजवा, आणि मग अर्धा-अर्धा इंच सरकवत राहा. मिक्सरच्या बटणांनी जे होत नाही ते त्या अर्ध्या इंचाने होते.

दुसरी गोष्ट उंचीची. स्पीकरचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. अॅम्प जमिनीवर ठेवलात तर तो झोत तुमच्या पोटऱ्यांवर पडतो, कानावर पडतच नाही. मग तुम्हाला वाटते की आवाज बोथट आहे; तुम्ही ट्रेबल वाढवता, आवाज वाढवता, आणि समोर बसलेल्या बिचाऱ्या माणसाच्या तोंडावर तो सगळा कर्कशपणा आदळतो. पबमध्ये खुर्च्या असतातच. त्यातल्या एका खुर्चीवर अॅम्प ठेवा आणि थोडा मागे कलता करा, म्हणजे तो तुमच्या कानाकडे पाहील. यानंतर माझ्या अॅम्पचा काटा सातवरून चारवर आला होता.

अवांतर: खाऱ्या हवेने जॅक गंजतात. हंगामात दर महिन्याला ते साफ केले नाहीत तर खरखर सुरू होते आणि दोष बिचाऱ्या अॅम्पला लागतो.

अर्धा_वॅट

सर्वांनी व्हॉल्व्ह गृहीतच धरलेला दिसतो, म्हणून विरोधी पक्षाची बाजू मांडतो. आठवड्याच्या शेवटी वाजवणाऱ्या माणसाने काचेच्या नळ्या वाहून नेण्याची गरज काय? बॉसचा ५० वॅटचा कटाना बारा किलोंच्या आत येतो. स्पीकर बारा इंची, आणि त्याला अर्धा, २५ आणि ५० वॅट असे बटण असते. अर्ध्यावर घरी वाजवा, पन्नासवर ड्रमरशी भांडा. मिक्सरमध्ये थेट जाणारी जोडणीही त्यात आहे, तीही स्पीकरच्या आवाजाचा भास देणारी, म्हणजे माईकचा प्रश्न मिटला. ट्रान्झिस्टरचा स्वच्छ आवाज वाईट असतो, असे म्हणणाऱ्यांनी १९७५ पासून चालत आलेला रोलंडचा जाझ कोरस आठवावा.

मंडईची_तार

@अर्धा_वॅट, वजनाच्या बाबतीत तुमचे म्हणणे मान्य आहे. आमच्या बँडचा दुसरा गिटारवादक असाच अॅम्प वापरतो आणि त्याची तक्रार नसते.

मात्र पन्नासचे पन्नास वॅट वापरायला मिळतात, असे समजू नये. ट्रान्झिस्टरचा अॅम्प मर्यादेपर्यंत नेला की आवाज एकदम तुटतो आणि तो तुटका आवाज कोणालाच नको असतो, म्हणून आपण वरचा भाग राखून ठेवतो. व्हॉल्व्ह मर्यादेवर पोचला की हळूहळू दबत, दाणेदार होत जातो, आणि ब्ल्यूज वाजवणाऱ्याला नेमके तेच हवे असते. १५ वॅटचा व्हॉल्व्ह अॅम्प मोठा वाटतो त्याचे हे कारण. ‘व्हॉल्व्हचे वॅट वेगळे असतात’ ही समजूत निराधार आहे. वॅट तेच असतात, फक्त आपण ते शेवटच्या थेंबापर्यंत वापरतो. तुमची गाणी स्वच्छ आवाजाची असतील, जाझ किंवा कंट्री, तर हिशेब उलटा होतो आणि मोठाच अॅम्प लागतो. रीडिंगकर ब्ल्यूज वाजवतात, म्हणून १५ वॅट त्यांच्या पथ्यावर पडावेत.

जुना_रेकॉर्डवाला

धागाकर्त्याच्या अॅम्पचा जन्मच या प्रश्नातून झालेला आहे, म्हणून थोडा इतिहास. व्हॉक्सचे अॅम्प केंटमधल्या डार्टफर्डला, जेनिंग्जच्या कारखान्यात बनत. डिक डेनीने आखलेला एसी-१५ बाजारात आला तो १९५८ मध्ये, आणि तो पुरत होता. पुढे शॅडोज या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमांना येणाऱ्या मुलींच्या किंकाळ्यांपुढे १५ वॅट ऐकू येईनात, तेव्हा दुप्पट ताकदीचा एसी-३० तयार झाला. बीटल्सच्या वेळी तोही कमी पडला आणि शंभर वॅटचे अॅम्प आले. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांहून अधिक लोकांसमोर ते असेच अॅम्प घेऊन उभे होते. गिटारसमोर माईक लावून ती मोठ्या स्पीकरमधून लोकांपर्यंत नेण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती, म्हणून सगळा भार अॅम्पवरच असे.

ती अडचण आता राहिलेली नाही. रीडिंगच्या पबमध्ये खिडकीजवळ जो एसी-३० ठेवला जातो, तो किंचाळणाऱ्या प्रेक्षागृहासाठी घडवलेला आहे. तिथे तो तीनवर घुसमटतो यात नवल नाही.

अर्थिंग_आहे_का

आवाजाविषयी मला फारसे सांगायचे नाही, विजेविषयी आहे. मांडवीकाठ यांनी मिक्सरचा सल्ला दिला आणि अर्धा_वॅट यांनी थेट जोडणीचा, म्हणून हे लिहिणे आवश्यक वाटले.

पहिले, अॅम्पच्या मागे ‘स्पीकर’ असे लिहिलेली जी जोडणी असते ती मिक्सरमध्ये कधीही घालू नये. तिच्यातून स्पीकर हलवण्याइतकी ताकद येते आणि मिक्सरचे चॅनेल जळते. ‘लाइन आउट’ ही मिक्सरसाठीची वेगळी जोडणी असते. त्याचप्रमाणे व्हॉल्व्ह अॅम्प स्पीकरविना चालू करू नये. तसे केल्यास आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो.

दुसरे, अमेरिकेहून परतताना बरेच जण तिथला अॅम्प सोबत आणतात. तो १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घेताना ‘अॅम्प १५ वॅटचा आहे’ असे दुकानदाराला सांगू नका. ते १५ वॅट स्पीकरला मिळणारे असतात. नळ्या तापवायला अॅम्प भिंतीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो. अॅम्पच्या मागच्या पट्टीवरचा आकडा वाचा आणि त्याहून पुरेसा मोठा ट्रान्सफॉर्मर घ्या.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग. गिटारच्या तारा अॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि गाताना तुमचे ओठ माईकला लागतात. अॅम्प एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या, आणि त्यांतल्या एकाचे अर्थिंग तुटलेले, अशा वेळी मधली वाहक तार म्हणजे तुम्ही. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी मे १९७२ मध्ये स्वान्सीच्या मंचावर अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून गेला. गुणगुण थांबावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढणारे लोक मी आजही पाहतो. गुणगुण घालवायची असेल तर सगळी उपकरणे एकाच सॉकेटवरून चालवावीत किंवा डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्या मधे जोडायचा छोटा डबा, वापरावा; त्याला ग्राउंड लिफ्टचे, म्हणजे फक्त सिग्नलच्या केबलमधली अर्थिंगची जोडणी तोडणारे, बटण असावे. पिनला हात लावू नये.

मांडवीकाठ

पूर्ण सहमत. एका जागी, नाव सांगत नाही, माईकला ओठ लागताच झिणझिण्या येत होत्या. तिथल्या माणसाने माईकवर स्पंजची टोपी चढवली आणि ‘झाले काम’ म्हणून निघून गेला. त्या दिवसापासून सॉकेट तपासण्याचा लहान टेस्टर माझ्या गिटारच्या पिशवीत असतो.

रीडिंगकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन कार्यक्रम झाले, म्हणून सविस्तर वृत्तान्त देतो.

पहिला कार्यक्रम तांबड्या दिव्याच्या पबमध्ये होता. ब्ल्यूज ज्युनियर खुर्चीवर कलता ठेवला, त्यासमोर एसएम-५७ लावून तो मिक्सरच्या सहाव्या चॅनेलमध्ये घातला. अॅम्पचा आवाज सहावर गेला, आणि इतक्या वर्षांत प्रथमच कार्यक्रमात मला तो दाणेदार आवाज पेडलविना, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डबीविना, मिळाला. पहिल्या तीन गाण्यांत मात्र माझी एक चूक झाली. नव्या खेळण्याच्या आनंदात मी मिक्सरवर गिटार इतकी वर ठेवली की गायन तिच्याखाली गेले; हे मला कीबोर्डवालीने नव्हे, तर बारवर उभ्या असलेल्या एका आजोबांनी मध्यंतरात सांगितले. गिटारचे चॅनेल खाली आणल्यावर सर्व नीट बसले. दिवा पिवळ्यापर्यंत दोन-तीनदा गेला, तांबडा एकदाही झाला नाही.

उणीव एकच जाणवली. आमच्या यादीत एक संथ गाणे आहे, त्याला अगदी स्वच्छ आवाज लागतो. अॅम्प सहावर असताना तो स्वच्छ राहत नाही. गिटारचेच बटण चारवर आणून वेळ निभावली, पण ड्रमच्या मानाने गिटार बारीक झाली. मंडईची_तार यांनी स्वच्छ आवाजाबद्दल दिलेला इशारा इथे खरा ठरला.

दुसऱ्या कार्यक्रमाला हौसेने ५ वॅटचा अॅम्प नेला. लोकांना तो मिक्सरमधून व्यवस्थित ऐकू गेला, पण मला स्वतःला नाही. झांजेवर काठी पडली की माझ्या पायाशी आवाज गायबच. ऐकू येत नाही म्हणून मी तारा जोरात छेडू लागलो आणि दुसऱ्या गाण्यात एक तार तुटली. मध्यंतरानंतर माझ्यासमोरच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकाला स्वतःला ऐकू यावे म्हणून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, थोडी गिटार घेतली तेव्हा बरे झाले, पण मग त्या मॉनिटरमुळे गायनाचा माईक शिट्टी मारू लागला. पाच वॅट घरीच राहतील.

@मांडवीकाठ, तुमच्याकडे उघड्यावर रात्री दहाचा नियम आहे ना? इथे २०१२ च्या कायद्यानंतर बहुतेक परवानाधारक पबना रात्री अकरापर्यंतच्या कार्यक्रमासाठी वेगळा परवाना लागत नाही. तरीही शेजाऱ्यांची तक्रार आली की सगळे तिथेच थांबते.

मांडवीकाठ

हो, दहाचाच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि त्या वेळेत ध्वनिवर्धक फक्त बंदिस्त जागेत चालतो. म्हणून आम्ही सूर्यास्तालाच सुरुवात करतो. ड्रमरला हलक्या काठ्या घेऊन द्या. वाढदिवसाची भेट म्हणून दिल्यास तो नाही म्हणणार नाही.

डेसिबल

संथ गाण्यासाठी सोपा उपाय सुचवतो. अॅम्प सहाऐवजी चारवर ठेवा, म्हणजे तो बऱ्यापैकी स्वच्छ राहील, आणि दाणेदार आवाजासाठी समोर एक ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज दाणेदार करणारे, पेडल ठेवा. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण प्रेक्षकांतल्या कोणालाही फरक कळणार नाही.

रीडिंगकर

हे करून पाहतो. आता एकच अडचण उरली आहे. तेवढ्याशा जागेत अॅम्पसमोर माईकचा स्टँड मावत नाही; दुसऱ्या कार्यक्रमात बासवाला त्यात पाय अडकून माझ्या अंगावर आला. स्टँडविना एसएम-५७ अॅम्पच्या मुठीला केबलने लटकवला तर चालेल का?

मंडईची_तार

तो लटकवू नका. एसएम-५७ टोकाकडून आवाज घेतो, त्यामुळे केबलने सोडला की तो स्पीकरकडे न पाहता जमिनीकडे पाहतो. लटकवायचाच असेल तर सेनहायझरचा ई-६०९ घ्या. तो चपटा असून पुढच्या बाजूने आवाज घेतो, म्हणून केबल मुठीवरून घेऊन सरळ कापडासमोर सोडता येतो. फक्त केबल मुठीला चिकटपट्टीने बांधा, नाहीतर तुमच्या ड्रमरच्या तडाख्याने तो हळूहळू मध्यावर सरकतो.

रीडिंगकर

धन्यवाद. जुना ई-६०९ मिळतो का ते पाहतो. एसी-३० विक्रीला काढला आहे. ज्याला हवा असेल त्याने यावे, मात्र तो उचलायला सोबत एक माणूस आणावा.